बाळंतपणाच्या कडू आठवणी



आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो पुरुषानें बोलण्याचा विषय नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यांतून मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन भंडारा जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांवर मीं मास्तरकी केली आणि आतां सेवानिवृत्त होऊन त्याच जिल्ह्यांत राहतों, एवढीच माझी ओळख. तरीही हा विषय मीं निवडला, याला आपलीच एक रूढि कारण आहे. मुलीचें पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावयाचें, ही ती रूढि. ज्या बापाला मुली आहेत त्याला रात्रीं-अपरात्रीं गाडी शोधावी लागते, दवाखान्याच्या व्हरांड्यांत तासन् तास बसावें लागतें, आणि पुढें सव्वा महिना घरांत बाळंतीण जपावी लागते. मला तीन मुली. त्यामुळें या व्हरांड्यांत बसण्याचा योग मला तीन वेळां आला, आणि तेथें बसलेल्या आयाबायांचें बोलणें पुष्कळ ऐकावयास मिळालें. त्यावर जें वाचन घडलें आणि जो विचार झाला, तो आज आपणांपुढें मांडतों.

वैनगंगेच्या कांठच्या आमच्या गांवांत वृद्ध स्त्रिया म्हणतात कीं, बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म असतो. जन्म म्हटला म्हणजे तो आनंदाचा असावयास पाहिजे. परंतु चार बायका एकत्र बसून आपापल्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगूं लागल्या म्हणजे त्यांतल्या एकदोघी हटकून गप्प होतात, किंवा “नको ती आठवण” म्हणून उठून जातात. बाळ सुखरूप असतें, आई सुखरूप असते. दहा-वीस वर्षें लोटलेलीं असतात. तरीही ती आठवण कडूच राहिलेली असते. हा कडूपणा कशानें येतो, हा आजचा प्रश्न आहे.

जीव वांचविण्याच्या कामांत आपल्या राज्यानें मोठी मजल मारली आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ सालीं महाराष्ट्रांतील शंभरांपैकीं सुमारें ६५ बाळंतपणें दवाखान्यांत होत असत. २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण जवळजवळ ९५ पर्यंत गेलेलें आढळलें. बाळंतपणापायीं दगावणाऱ्या मातांची संख्या २००१-०३ सालीं दर एक लाख जिवंत जन्मांमागें १४९ होती. २०१८-२० सालीं ती ३३ वर आली. हें यश डॉक्टरांचें, परिचारिकांचें आणि गांवोगांवच्या आशाताईंचें आहे, आणि त्यांचें ऋण मानलेंच पाहिजे. परंतु जीव वांचला म्हणजे सर्व कांहीं साधलें, असें नाहीं. जिच्या मनांत पहिल्या खेपेची धास्ती बसली, ती दुसऱ्या खेपेला दवाखान्यांत जाण्यास टाळाटाळ करते, दुखणें अंगावर काढते, आणि शेजारणीलाही तेंच शिकविते. म्हणजे आज मनाला झालेली जखम उद्यां जिवावर बेतूं शकते. यास्तव या विषयाला केवळ बायकांच्या हळवेपणाची गोष्ट समजून बाजूस सारतां येणार नाहीं.

कडूपणाचें कारण विचारलें तर बहुतेक लोक एका शब्दांत उत्तर देतील: कळा. दुःसह वेदना झाल्या म्हणून आठवण दुःखद, असें हें सरळ गणित आहे. परंतु अनुभवाच्या पाटीवर तें जुळत नाहीं. आमच्या गांवच्या एका म्हातारीला पहिल्या वेळीं दीड दिवस कळा आल्या होत्या. ती हंसत हंसत ती हकीकत सांगते, कारण तिची आई आणि मावशी दोघीही तिची पाठ चोळीत तिच्याजवळ बसून होत्या. दुसरी एक स्त्री अवघ्या तीन-चार तासांत मोकळी झाली. परंतु त्या तासांबद्दल विचारलें कीं तिचा चेहरा उतरतो. तिनेंच एकदां माझ्या पत्नीला सांगितलें, “कळा कोण लक्षात ठेवते जी? पण ती बाई मला जे बोलली, ते अजून कानात आहे.”

हा कांहीं आमच्या गांवापुरताच अनुभव नाहीं. कॅनडांतील एलन हॉडनेट या विदुषींनीं या विषयावरील १३७ अहवाल एकत्र पाहून २००२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. बाळंतपणाबद्दल स्त्रीला पुढें समाधान वाटतें कीं असमाधान, हें मुख्यतः चार गोष्टींवर ठरतें, असें त्यांना आढळलें. तिनें मनाशीं काय अपेक्षा बाळगिली होती. तिची काळजी घेणाऱ्या माणसांनीं तिला आधार किती दिला. तिच्याशीं त्यांचें वागणें कसें होतें. आणि तिच्याबद्दलचे निर्णय घेतांना तिला विचारलें गेलें कीं नाहीं. या चार गोष्टी इतक्या प्रबळ आहेत कीं, त्यांच्यापुढें वय, सामाजिक-आर्थिक स्थिति, औषधोपचार, किंबहुना वेदना देखील मागें पडतात. वेदना खोटी आहे, असा याचा अर्थ नव्हे. वेदना कमी करण्याचे उपाय अवश्य झाले पाहिजेत. परंतु आठवणीला कडू करतें तें वेदनेच्या भोवतीं असलेलें माणसांचें वागणें. माझें आजचें सर्व म्हणणें या एका वाक्यांत सांठविलेलें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, मग जुनी पद्धतिच बरी होती. घर होतें, सुईण होती, आपलीं माणसें होतीं. हा मोह टाळला पाहिजे. जुन्या बाळंतखोलीला खिडकी नसे, विटाळाच्या नांवाखालीं बाळंतिणीला कोपऱ्यांत टाकीत, आणि बाई अडली म्हणजे सुईणीचे हात टेकत. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षीं मुलगा झाला आणि योग्य उपचारांअभावीं तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखानेंच त्यांना वैद्यकाकडे वळविलें, हें आपण जाणतां. इ. स. १८८६ मध्यें अमेरिकेंत एम्. डी. होतांना आनंदीबाईंनीं प्रबंधासाठीं जो विषय घेतला तो प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचाच होता. अलीकडच्या काळांतले उदाहरण आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांतलें आहे. तेथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें खेड्यांतील ७७२ स्त्रियांची गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत नोंद ठेविली आणि २००४ सालीं ती प्रसिद्ध केली. त्या काळीं तेथील बाळंतपणें बहुतांशीं घरींच होत. त्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक जणींना प्रसूतीच्या वेळीं किंवा नंतर कांहीं ना कांहीं आजार झाल्याचें दिसून आलें. तेव्हां दवाखाना सोडून घराकडे परत जावें, असें मी मुळींच म्हणत नाहीं. घरांत जो मायेचा हात होता तो दवाखान्याच्या दारांत सुटला. तो आंत कसा नेतां येईल, एवढाच प्रश्न आहे.

दवाखान्याची भीति ही नवी नाहीं. डॉ. रखमाबाई विलायतेंतून वैद्यकाची पदवी घेऊन १८९५ च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयांत रुजू झाल्या, तेव्हां बाळंतपणासाठीं तेथें कोणी बाई फिरकेना. असें सांगतात कीं, त्यांनीं एक गाभण शेळी रुग्णालयांत आणविली, तिचें बाळंतपण तेथें सुखरूप पार पाडलें, आणि तें पाहून लोकांची भीड चेपली. त्या थोर बाईंनीं भित्र्या लोकांना दोष दिला नाहीं. भीति खरी आहे हें मानून ती घालविण्याची युक्ति योजिली. आपणही तोच मार्ग धरूं आणि भीति कोठून येते तें एकेक करून पाहूं.

पहिलें कारण एकटेपण. कळा सुरू झालेल्या मुलीला प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत आई पोहोंचविते. दार बंद होतें. आणि आंत ती मुलगी अनोळखी माणसांत, अनोळखी टेबलावर, अर्धवट उघड्या अंगानें पडून राहते. जिनें जन्मांत एक रात्र आईवेगळी काढली नसेल, तिला आयुष्यांतली सर्वांत अवघड रात्र एकटीनें काढावी लागते. सोबतीचा परिणाम काय होतो, हें पाहण्यासाठीं जगांतील १७ देशांतल्या १५,८५८ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांचा एकत्र आढावा २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्याजवळ सतत कोणी तरी धीर देणारें माणूस होतें, त्यांच्यांत प्रसूतीबद्दल वाईट भावना राहण्याचें प्रमाण सुमारें एक-तृतीयांशानें कमी आढळलें. त्यांच्या कळांचा काळही थोडा आटोपला, आणि पोट कापण्याची पाळीही कमी वेळां आली. एवढें गुणकारी औषध फुकट मिळतें आणि तें आपण दाराबाहेर बांकावर बसवून ठेवतों! भारत सरकारनें २०१६ सालींच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहूं द्यावी, अशी सूचना काढलेली आहे. मात्र खोलींत पडदे नसतील आणि एका खोलींत तीन टेबलें असतील, तर एकीच्या सोबतीनें दुसरीची अब्रू उघडी पडते, ही परिचारिकांची अडचणही खरी आहे. चार पडद्यांचा खर्च फार मोठा नसतो. गांवकरी आणि लोकप्रतिनिधी यांनीं मनावर घेतल्यास तो होऊं शकतो.

दुसरें कारण कठोर वाणी आणि क्वचित् कठोर हात. येथें मला माझ्या व्यवसायांतला दाखला द्यावासा वाटतो. आमच्या मास्तरकीच्या पेशांत अशी दृढ समजूत होती कीं, छडीवांचून विद्या येत नाहीं. साठ-सत्तर पोरांचा वर्ग, एकच मास्तर, वरून साहेबांची तपासणी. अशा वेळीं छडी हेंच साधन हातीं येई, आणि पालकही “गुरुजी, हवं तर मारा, पण शिकवा” असें म्हणत. पुढें २००९ सालीं बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि त्याच्या १७ व्या कलमानें मारणें व मानसिक छळ करणें या दोहोंनाही मनाई झाली. शाळा बंद पडल्या नाहींत. मुलें वाचायला शिकतच आहेत. प्रसूतिगृहांत जी समजूत आहे ती हुबेहूब याच घडणीची आहे. “ओरडल्याशिवाय बाई जोर लावीत नाहीं,” “दोन शब्द टाकून बोलल्याशिवाय ऐकत नाहीं,” असें तेथें मानतात. आणि आयुष्यभर पुरणारीं वाक्यें त्यांतूनच बाहेर पडतात. लज्जेच्या मर्मावर घाव घालणारे ते टोमणे मी या ठिकाणीं उच्चारीत नाहीं. ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना ते पाठ आहेत.

हा प्रकार आपल्याकडेच आहे, असेंही नव्हे. घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमार या चार देशांतील दवाखान्यांत सुमारें दोन हजार प्रसूतींचें प्रत्यक्ष निरीक्षण करण्यांत आलें व त्याचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. शंभरांतून सुमारें ४२ स्त्रियांना शिवीगाळ, मारहाण किंवा हिणवणूक यांपैकीं कांहीं तरी सोसावें लागलें होतें. त्यांतही दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. हा जाच जन्माच्या आधींच्या अर्ध्या तासापासून जन्मानंतरच्या पाव तासापर्यंत सर्वांत अधिक होता. म्हणजे ज्या घटकेला बाई सर्वांत असहाय असते नेमक्या त्याच घटकेला. आणि तो लहान वयाच्या व कमी शिकलेल्या स्त्रियांच्या वांट्याला अधिक आला. म्हणजे जिच्या बाजूनें बोलणारें कोणी नसतें तिच्या.

यांत परिचारिकेला राक्षसीण ठरविणें अन्यायाचें होईल. दोन रात्रींची जागी, एकीचें डोकें दिसूं लागलेलें, दुसरीचा रक्तस्राव थांबत नाहीं, तिसरी दारांत आलेली, आणि मदतीला एकच आयाबाई; अशा स्थितींत कोणाचीही वाणी कडू होईल. ओझें उतरल्याशिवाय नुसत्या उपदेशानें वाणी गोड होत नाहीं, हें आम्हां मास्तरांना चांगलें ठाऊक आहे. केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें ‘लक्ष्य’ नांवाचा उपक्रम सुरू केला. त्यांत प्रसूतिगृहाची स्वच्छता व साधनें यांबरोबर बाळंतिणीशीं सन्मानानें वागणें हाही गुणवत्तेचाच भाग धरला आहे. विचार योग्य दिशेनें चालला आहे. परंतु भिंतीवरचा फलक आणि माणसाचा स्वभाव यांत जें अंतर असतें तें पुरेशा माणसांनींच भरून निघतें.

तिसरें कारण न सांगणें आणि न विचारणें. शिकलेल्या, शहरांत राहणाऱ्या कुटुंबांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें, कारण शिवीगाळीचा प्रकार त्यांच्या वांट्याला फारसा येत नसला तरी हा येतो. माझ्या थोरल्या मुलीचें बाळंतपण एका लहानशा सरकारी दवाखान्यांत झालें. तेथल्या सिस्टरबाई दर वेळीं सांगत, “आता तपासते हं, थोडं दुखेल, आता अजून दोन तास तरी लागतील, पाणी पी, थोडी चाल.” टांके पडले, त्रास झाला, पण मुलगी त्या बाईंचें नांव आजही प्रेमानें घेते. मधलीचें बाळंतपण दुसऱ्या गांवच्या एका खाजगी प्रसूतिगृहांत झालें. खोली उत्तम, स्वच्छता उत्तम, डॉक्टर निष्णात. रात्रीं एकाएकीं सीझर करण्याचें ठरलें, बाहेर आम्हांला कारण समजावून सांगितलें, जांवयांची सही घेतली, आणि मुलीला आंत नेलें. पुढें कित्येक महिन्यांनीं ती म्हणाली, “बाबा, ऑपरेशन झालं त्याचं काही नाही. पण का झालं, हे तुम्हा सगळ्यांना सांगितलं आणि मला एकटीलाच कोणी सांगितलं नाही.” ती पदवीधर आहे, शरीर तिचें होतें, आणि ती पूर्ण शुद्धीवर होती.

सीझरच्या शस्त्रक्रियेनें असंख्य माता व बालकें वांचलीं आहेत, आणि वेळेवर ती न झाल्यास अनर्थ होतो, याविषयीं दुमत नाहीं. परंतु २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणें देशांतील सरकारी संस्थांत शंभरांतून १४, तर खाजगी संस्थांत शंभरांतून ४७ बाळंतपणें या रीतीनें झालीं. एवढें अंतर दिसलें म्हणजे स्त्रीच्या मनांत शंका येणारच कीं, माझी शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक होती काय? जी गोष्ट आवश्यक होती ती समजावून सांगितली म्हणजे शंका उरत नाहीं. जी सांगितली नाहीं ती आवश्यक असूनही फसवणुकीसारखी वाटते. हेंच टांक्यांच्या बाबतींत, आणि हेंच आमच्या जिल्ह्यांतल्या ‘रेफर’ या शब्दाच्या बाबतींत. दक्षिण टोंकाच्या लाखांदूर तालुक्यांतली बाई आधीं भंडाऱ्याला, आणि तेथून आणखी सुमारें साठ किलोमीटर नागपूरला धाडली जाते. गाडींत पडल्या पडल्या तिला एवढेंच कळतें कीं, आपलें कांहीं तरी बिघडलें आहे. काय बिघडलें, तें चिठ्ठीवर इंग्रजींत लिहिलेलें असतें. दोन वाक्यें मराठींत सांगितलीं तर वाटेंतला निम्मा भार हलका होईल.

चौथें कारण आधींपासून मनांत भरलेली भीति आणि घरची ओढाताण. गरोदर मुलीपुढें अमकीचें काय झालें, तमकी कशी गेली, या कथा सांगण्याची आपल्या बायकांना फार हौस. ओटी भरण्याच्या दिवशींही त्या चालतात. उलट काय होणार आहे, कळा कशा वाढतात, वार पडते म्हणजे काय, हें मात्र लाजेपायीं कोणी सांगत नाहीं. तेव्हां अपेक्षा एक तर नुसती भीति असते, नाही तर नुसतें अज्ञान. गरिबाघरीं त्यांत आणखी भर पडते. आषाढ-श्रावणांत भाताच्या रोवणीला गरोदर बाई चिखलांत वांकून उभी असते. मजुरी बुडते म्हणून तपासणी चुकते. आणि अंगांत रक्त कमी असलेल्या त्या देहाला बाळंतपण अधिक जड जातें. २०११ सालच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानें सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, औषधें, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी विनामूल्य केली आहे. आदिवासी भागांत ‘माहेरघर’ या नांवानें दूरच्या गांवच्या बाईला दिवस भरण्याआधींच दवाखान्याशेजारीं येऊन राहण्याची सोय झाली. त्या योजनेचें नांव ज्यानें ठेविलें त्याला बाळंतपणाचें मर्म कळलें होतें, असें मला वाटतें.

पांचवें कारण जन्मानंतरचें. आतांपर्यंत दोष दवाखान्याकडे जात होता. हा सर्वस्वीं आपल्या घरांचा आहे. बाळ रडलें, दार उघडलें, आणि बाहेरून पहिला प्रश्न येतो, “काय झालं?” मुलगी झाली असें कळल्यावर व्हरांड्यांत जी शांतता पसरते ती आंतल्या बाईला ऐकूं जाते. गोव्यांतील २५२ मातांचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं त्यांतल्या शंभरामागें २३ जणी विषादाच्या आजारानें ग्रासलेल्या आढळल्या. त्या आजाराच्या मुळाशीं दारिद्र्य आणि नवऱ्याशीं बिघडलेला संबंध हीं कारणें होतींच. पण मुलगी होणें हेंही एक कारण निघालें. मुलगी ही दुःखाची गोष्ट नव्हे. ती तशी करणारे आपण. बाळंतीण विनाकारण रडते, तिला झोंप येत नाहीं, बाळाला जवळ घेण्याची इच्छा होत नाहीं, अशी लक्षणें दिसलीं तर त्याला नखरे म्हणूं नये, बाहेरची बाधाही म्हणूं नये. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि डॉक्टरांना दाखविणें हें घरच्यांचें काम आहे.

याच ठिकाणीं आमच्या जिल्ह्यावर ओढवलेल्या एका प्रसंगाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाहीं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. तेथें असलेल्या १७ अर्भकांपैकीं ७ वांचविण्यांत आलीं, १० गेलीं. देशभर हळहळ झाली. त्या मातांच्या दुःखाविषयीं मी अधिक बोलणें शोभणार नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, बाळ गमावलेली बाई ही देखील बाळंतीणच असते. तिच्या अंगाला तोच थकवा असतो, तिला तसाच पान्हा फुटतो, आणि तिलाही सव्वा महिन्याची विश्रांति आणि माया हवी असते. आपण मात्र तिला “दुसरं होईल” या दोन शब्दांत आटोपतों, आणि बाळाचें नांवही काढूं देत नाहीं. कडू आठवणींत सर्वांत कडू ती हीच, आणि तिला बोलावयास जागा कोठेंही नसते.

तर मग शिकलेल्या घरांनीं काय करावें? दिवस गेल्यावर मुलीला किंवा सुनेला बाळंतपणाविषयीं चांगलें पुस्तक आणून द्यावें, किंवा समंजस परिचारिकेशीं तिची गांठ घालून द्यावी, म्हणजे काय घडणार तें तिला आधीं कळेल. दवाखाना निवडतांना खोलीला वातानुकूलन आहे काय, हें आपण विचारतों. त्याऐवजीं कळांच्या वेळीं सोबत राहूं देतील काय, चालूं-फिरूं देतील काय, सोयीच्या रीतीनें बसूं देतील काय, हें विचारावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालच्या आपल्या शिफारशींत या तिन्ही गोष्टी धरल्या आहेत, तेव्हां तें विचारणें आगाऊपणाचें नव्हे. सोबत कोणी राहावें, हें तिनेंच सांगावें. आई, सासू, बहीण कीं नवरा, तो मान तिचा आहे. डॉक्टरांनीं बाहेर येऊन कांहीं सांगितलें तर नम्रपणें म्हणावें, “साहेब, हेच तिलाही एकदा सांगा.” सही कोणाचीही असो, होकार तिचा असला पाहिजे. बाळ जन्मलें म्हणजे “काय झालं” याच्या आधीं “ती कशी आहे” हें विचारावें. आणि ज्या परिचारिकेनें नीट वागविलें तिचे आभार मानावयास पेढे घेऊन जातांना तिच्या वरिष्ठांनाही दोन ओळींचें पत्र द्यावें. चांगल्या वागणुकीची नोंद होऊं लागली म्हणजे ती वाढते, हा आमचा शाळेंतला अनुभव आहे.

सगळ्यांत सोपें, आणि सगळ्यांत क्वचित् होणारें काम अखेरीस सांगतों. बारशाची गडबड संपली, पाहुणे गेले, म्हणजे एखाद्या दुपारीं बाळंतिणीजवळ बसून तिला विचारावें कीं, बाई, तुझ्यावर काय काय बीतलें तें सांग. ती सांगेल तें मध्यें न तोडतां ऐकावें. “सगळ्यांचंच असं होतं,” “आमच्या वेळी तर याहून वाईट होतं,” हीं वाक्यें त्या दिवशीं तोंडांतून काढूं नयेत. कोणीं तिचा अपमान केला असेल तर तो अपमानच होता, असें स्पष्ट म्हणावें. आणि तक्रार करण्याजोगी गोष्ट असेल तर घरच्या पुरुषांनीं ती लेखी करावी. आपल्या वेदनेवर कोणी विश्वास ठेविला, एवढ्यानेंही माणसाचें मन पुष्कळ मोकळें होतें.

आमच्या वृद्ध स्त्रिया म्हणतात तसा हा जर बाईचा दुसरा जन्म असेल, तर पहिल्या जन्माला आपण जी काळजी घेतों तीच या जन्मालाही घेतली पाहिजे. नवजात अर्भकावर कोणी ओरडत नाहीं, त्याला एकटें टाकीत नाहीं, त्याच्या रडण्याला नखरे म्हणत नाहीं. त्याच खोलींत, त्याच घटकेला, दुसराही एक जीव नव्यानें जगांत येत असतो. त्याच्याकडेही पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.